‘शू सार?’ : प्रयोग, रंग आणि अरबी भाषा

(मोत्साए शब्बाथच्या सभेतील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित)



उन्हाळी सुटी जवळ आली की घरोघरी कायतानाच्या नावनोंदणीची धांदल उडते. पोहणे, फुटबॉल यांच्या जोडीला आता विज्ञान आणि चित्रकला यांच्याद्वारे अरबी शिकविणारी शिबिरेही भरतात. “शाळेत अरबी आहेच, मग सुटीतही कशाला?” असे पालक विचारतात. शाळेतील अरबी कोणती, हे आधी पाहिले पाहिजे.

शाळेत प्रामुख्याने शिकविली जाते ती लिखित अरबी, म्हणजे ‘फुस्हा’. ती ग्रंथांची आणि बातम्यांची भाषा. घरात, बाजारात बोलली जाते ती ‘आम्मिया’. पोथीतील मराठी आणि स्वयंपाकघरातील मराठी यांच्यापेक्षाही हे अंतर मोठे आहे. म्हणून काही वर्षे अरबी शिकलेला मुलगाही रामले किंवा लोद येथे शेजाऱ्याच्या दुकानात गप्प उभा राहतो. पुढे त्या विद्येचा उपयोग होतो तो बहुधा सैन्याच्या गुप्तवार्ता विभागात. त्या कामाचे मोल मी नाकारीत नाही. परंतु शेजाऱ्याची भाषा ऐकण्यापुरती शिकावी आणि त्याच्याशी बोलण्यापुरती शिकू नये, हे मला पटत नाही. मे २०२१ मध्ये लोदच्या रस्त्यांवर काय घडले, हे आपण जाणतो. भाषा आल्याने दंगल टळते, असा माझा दावा नाही. पण दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याशी काही बोलावयाचे असेल, तर शब्द लागतात.

प्रयोगाने ते शब्द कसे येतात? जांभळा कोबी उकळून त्याचे पाणी पेल्यांत घ्यावे. एकात लिंबू पिळावे. पाणी लालसर होते. शिक्षक विचारतो, “शू सार?” म्हणजे ‘काय झाले?’ मुले ओरडतात, “सार अहमर!” म्हणजे ‘लाल झाले’. दुसऱ्यात खाण्याचा सोडा घातला की पाणी निळे होते : “सार अझरक!” लिंबाला अरबीत ‘लैमून’ म्हणतात, हे सांगितल्यावर आपल्या मुलांना नवल वाटते ते निराळेच. गंमत अशी की ‘शू सार?’ हा प्रयोगशाळेतील प्रश्न जितका, तितकाच गल्लीतलाही. कोणी पडले, भांडण झाले, बस चुकली, तरी लोक हेच विचारतात. व्याकरणाच्या तासाला पाठ केलेला भूतकाळ एवढ्या लवकर जिभेवर बसत नाही.

चित्रकलेत रंग मिसळताना याच्याही पुढचे शिक्षण होते. अहमर, अझरक, असफर (पिवळा), अख्दर (हिरवा) : चारही शब्द एकाच साच्यातून निघालेले. मूळ तीन व्यंजनांचे, साचा तोच. हिब्रूतील ‘शोरेश’ ठाऊक असलेल्या मुलाला हे सांगावे लागत नाही. तो आपणच ओळखतो. स्त्रीलिंगी रूपे हमरा, झरका, सफरा, खद्रा. ग्रानादाचा सुप्रसिद्ध अल्-हमरा महाल म्हणजे ‘तांबडी’.

मग कंपास येतो. वर्तुळ काढावे, कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर सहा खुणा कराव्यात आणि एक सोडून एक बिंदू जोडावा. समोर उभा राहतो तो मागेन दाविद. इस्लामी नक्षीकामातही हीच आकृती आहे आणि अरबीत तिला ‘खातम सुलैमान’, म्हणजे शलोमो राजाची मुद्रा, म्हणतात. तीनला ‘तलाते’, सहाला ‘सित्ते’. ही ‘शालोश’ आणि ‘शेश’ यांची भावंडेच.

ही भाषा परक्यांची, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगेन : सादिया गाओन यांनी दहाव्या शतकात तोराचे भाषांतर अरबीत केले. रामबाम यांनी ‘मोरे नेवूखीम’ हिब्रू अक्षरांत, पण अरबी भाषेत लिहिला. वैद्यकावरील त्यांचे ग्रंथही अरबीतच आहेत.

आजी-आजोबांचे कामही मोठे आहे. हवा, कलम, हिशेब, वकील, तारीख हे आपल्या मराठीतील शब्द मुळी अरबी आहेत. मुलगा संध्याकाळी ‘हवा’ भरलेल्या फुग्याचा प्रयोग सांगू लागला, की आजीला तो शब्द समजतो. मराठी ऐकून कंटाळणारे नातवंड तेव्हा कान टवकारते.

नावनोंदणीपूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात. शिक्षक अरबी मातृभाषेचा आहे का, आणि प्रयोग चालू असताना तो कोणत्या भाषेत बोलतो? अरबी शब्दांचे तक्ते भिंतीवर लावून तास हिब्रूत घेणारी शिबिरेही असतात. शक्य असल्यास एक तास मागे बसून पाहण्याची परवानगी मागावी.