मज्जेतला कर्करोग आणि उजेडाचा उतारा

रक्ताचा कर्करोग सुरू होतो हाडांच्या पोकळीतल्या मऊ गरात, म्हणजे अस्थिमज्जेत. औषधांनी तो आटोक्यात आला की रुग्णाचीच मज्जा काढून राखायची, अतितीव्र औषधांनी शरीरातल्या उरल्यासुरल्या कर्कपेशी मारायच्या आणि राखलेली मज्जा परत द्यायची, अशी प्रत्यारोपणाची एक पद्धत आहे. पण त्या मज्जेतच कर्कपेशी दडून बसल्या असतील तर? अमेरिकेत माल्कम ब्रेनर यांनी परत द्यायच्या मज्जापेशींना जनुकीय खूण केली. पुढे उलटलेल्या आजारातल्या पेशींत तीच खूण सापडल्याचे त्यांनी १९९३ मध्ये जाहीर केले. भीती खरी ठरली.

मज्जा बाहेर असतानाच तिच्यातल्या कर्कपेशी मारून काढायचा एक मार्ग त्याआधीच सुचला होता. त्याचे मूळ जुने आहे. म्युनिकमध्ये १९०० च्या सुमारास ऑस्कर राब यांना दिसले, की अ‍ॅक्रिडीन रंगात ठेवलेले सूक्ष्मजीव उजेडात झटपट मरतात. रंग उजेड शोषतो आणि ती ऊर्जा प्राणवायूला देतो. असा चेतलेला प्राणवायू पेशीचे आवरण जाळतो. फ्रिट्झ सीबर आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मेरोसायनिन ५४० हा रंग वापरला. तो निरोगी मूळपेशींपेक्षा कर्कपेशींच्या आवरणाला जास्त चिकटतो. त्यांनी उंदरांची मज्जा आणि कर्कपेशी मिसळून रंग व प्रकाश दिला, तेव्हा कर्कपेशी मेल्या आणि मज्जा टिकली. हाडाच्या आत उजेड पोहोचत नाही, म्हणूनच हे काम शरीराबाहेर करायचे.

ही पद्धत रुजली नाही. रुग्णाऐवजी दुसऱ्या कुणाची, म्हणजे दात्याची मज्जा दिली तर तिच्यात रुग्णाच्या कर्कपेशी नसतातच, उलट दात्याच्या पेशी उरलेल्या कर्करोगावर हल्लाही करतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातले पहिले मज्जा प्रत्यारोपण केले, तेही दात्याच्या मज्जेचेच. मात्र दात्याच्या पेशी कधी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यावर उलटतात. तेव्हा रुग्णाच्या पांढऱ्या पेशी बाहेर काढतात, सोरालेन गटातले औषध आणि अतिनील किरण देतात आणि पेशी परत सोडतात. म्हणजे शरीराबाहेर पेशींना औषध आणि उजेड देण्याचे तत्त्व आजही कामी येते.

सोरालेन आपल्या बावचीच्या बियांतही असते. कोडावर वैद्य ती फार पूर्वीपासून वापरतात. पण झरी जामणीसारख्या, जडीबुटीवर विश्वास असलेल्या तालुक्यात एक गोष्ट ठासून सांगायला हवी: बावची खाऊन किंवा उन्हात बसून रक्ताचा कर्करोग जात नाही. ताप हटत नाही, अंगावर विनाकारण निळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते, लेकरू पांढरेफटक पडते, अशा वेळी त्याच दिवशी रक्ततपासणी करा आणि डॉक्टरांनी सांगितले तर नागपूरला नेण्यात उशीर करू नका.