दाढेची कळ आणि तिचे माप



युनियनच्या माणसाने दुखण्याच्या शास्त्रावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माझे शालेय शिक्षण बेताचेच; जे वाचले ते कचेरीतली गर्दी ओसरल्यावर. या विषयाकडे मला ओढले ते खोपोलीकडच्या एका कारखान्यातल्या गड्याने. रात्रपाळीचा हा माणूस तीन आठवडे उजवे गालफड धरून माझ्याकडे येत होता. क्ष-किरणांचा फोटो काढला; दाढ निकोप, हाड निकोप. ‘फोटोत काही नाही, मग दुखते कसले?’ असे म्हणून त्याची रजा नामंजूर झाली. खोटे कशाला सांगू, क्षणभर मलाही शंका आली. तास आणि उत्पादन मोजून भांडणारा मी. कळ कशाने मोजायची?

चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक त्रिशाखी मज्जातंतू असतो. एक शाखा कपाळ-डोळ्यांकडे, दुसरी वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या. तिन्हींची वार्ता मेंदूच्या देठात पोचते, आणि तिथल्या ठाण्याचा खालचा भाग मानेतल्या मज्जारज्जूला जाऊन मिळतो. तिथे मानेकडूनही तारा येतात. म्हणून मानेचे दुखणे जबड्यात जाणवते, जबड्याचे कानात; आणि कधी कधी भलतीच, चांगली दाढ उपटली जाते.

हे ठाणे नुसते टपाल पुढे धाडणारे नव्हे. 1965 साली मेलझॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी मांडले की, तिथे जणू एक फाटक असते आणि स्पर्शाची वार्ता आली की वेदनेची वाट अरुंद होते. तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या, मूळ कल्पना टिकली. दाढ ठणकताना आपण गाल दाबून धरतो तो वेडेपणा नव्हे.

दुसरा बंदोबस्त वरून येतो. खंडाळ्याहून घाट उतरणारी गाडी ब्रेक सांभाळत कशी येते, हे कर्जतकरांना मी काय सांगावे! मेंदूही खालच्या ठाण्याला असाच ब्रेक लावतो. त्यासाठी शरीर अफूच्या जातीची द्रव्ये स्वतःच तयार करते. 1978 मध्ये अमेरिकेत लेव्हाइन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांवर प्रयोग केला. काहींना औषध म्हणून टोचलेल्या निव्वळ पाण्यासारख्या द्रवानेही आराम पडला. पण अफूचा परिणाम मोडणारे औषध देताच त्यांची कळ वाढली. म्हणजे तो आराम ‘मनाचा खेळ’ म्हणून उडवून लावण्याजोगा नव्हता.

आता मापाकडे वळू. गालफडातल्या चावण्याच्या स्नायूवर दाबमापक टेकवून हळूहळू दाब वाढवतात. दाबाची कळ झाली की आकडा टिपतात. मग हात गार पाण्यात बुडवायला लावून तेच माप पुन्हा घेतात. एक दुखणे दुसऱ्याला आवरते, हा शरीराचा जुना धर्म. 1980 साली तर हाताच्या अंगठा आणि तर्जनीमधल्या जागेवर बर्फ चोळून दाढदुखी उतरवल्याचे मेलझॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. गार पाण्यानंतर जास्त दाब सोसवला तर ब्रेक शाबूत, नाही तर सैल. अर्थात हे माप माणसागणिक, दिवसागणिक बदलते. त्यावरून कुणाला खोटारडा ठरवता येत नाही.

निरोगी माणसांची झोप रात्रीतून वारंवार मोडली, तर हा ब्रेक दुबळा होतो, असेही प्रयोगांत दिसले आहे. तीन पाळ्यांत राबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सर्वांत स्वस्त माप म्हणजे दहा सेंटिमीटरची रेघ. एका टोकाला ‘मुळीच दुखत नाही’, दुसऱ्या टोकाला ‘याहून जास्त कल्पवत नाही’. रोग्याने स्वतः खूण करायची. ही रेघ दोन माणसांची तुलना करीत नाही. माझा पाच तुमच्या पाचाइतका असेलच असे नाही. पण त्याच माणसाची आजची खूण कालच्या खुणेशी ताडता येते.

आमच्या गड्याने वहीत रोज अशी रेघ ओढली. रात्रपाळीच्या आठवड्यात खुणा सात-आठपाशी, दिवसपाळीत तीन-चारपाशी. दुसऱ्या डॉक्टरांनी स्नायू दाबून पाहिला. तो झोपेत दात खातो, हे त्याच्या बायकोने सांगितले. ती वही जोडून आम्ही पुन्हा अर्ज केला. रजा मिळाली, पगार मात्र अर्धाच. ते भांडण अजून चालू आहे.