रात्रीची पाच मिनिटं, सकाळचा अर्धा तास

पहाटे नळाचं पाणी, सातच्या आत डबे, मग कामाची धावपळ आणि संध्याकाळी घरी परतलं की पुन्हा गॅससमोर उभं राहायचं. आपल्या बहुतेक भगिनींचा दिवस असाच सरतो. घाई झाली की आम्ही काय करत होतो? दहावीतल्या मुलीला पुस्तकावरून उठवून पोळपाटापुढे बसवत होतो. हे थांबवायचं तर स्वयंपाकाची सुरुवात आदल्या रात्रीच करायला हवी, हे आम्ही हळूहळू शिकलो.

पहिलं काम भिजत घालण्याचं. मटकी, चवळी, हरभरे आठ-दहा तास भिजले की लवकर शिजतात, गॅस वाचतो. भिजलेली मटकी उपसून ओल्या फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड येतात. मोडांत क जीवनसत्त्व वाढतं आणि कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. एकदा पावसाळ्यात आमची मटकी बुळबुळीत होऊन वास मारू लागली, सगळी टाकावी लागली. तेव्हापासून मोड येईपर्यंत दोनदा धुऊन पुन्हा बांधतो.

कुकरची शिट्टी होताच आच मंद करावी. मोठ्या आचेने डाळ लवकर शिजत नाही, नुसती वाफ बाहेर जाते. डाळीत चिंच किंवा टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालावा. आंबटाने डाळ मऊ व्हायला वेळ लागतो.

सुट्टीच्या दिवशी शेंगदाण्याचा कूट आणि जवसाची चटणी करून ठेवावी. सुकट निवडून, कोरडी भाजून बरणीत भरावी. संध्याकाळी कांदा-टोमॅटो परतून त्यात टाकली की भाकरीबरोबर झटपट कालवण तयार. बाजरीचं पीठ मात्र थोडं थोडंच दळून आणावं, ते लवकर कडू होतं.

पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. ताटात लिंबाची फोड असावी. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तासभर थांबावं. लिंबाने भाजीतलं लोह अंगी लागतं, चहाने ते वाया जातं.

आणि ही सगळी कामं बाईनेच करावीत असं थोडंच आहे? मटकी भिजत घालणं मुलाला जमतं, लसूण सोलणं त्याच्या वडिलांना. वाचलेला अर्धा तास मात्र दुसऱ्या कामात घालवू नका. तो मुलीच्या अभ्यासाला द्या, आणि थोडा आईच्या पाठीलाही.