फियाटखालचा डाग

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये टॅक्सी म्हणून निवृत्त झाली, तेव्हा तिच्यावर भरपूर लिहून आलं. ते सगळं निरोपाचं होतं. आमच्या संपादकांना निरोप नको होता. ज्या खासगी पद्मिनी अजून चालतात त्या कोण चालू ठेवतं ते बघून या, एवढंच ते म्हणाले. म्हणून परळच्या एका गॅरेजात गेलो आणि तिथे एका डागापाशीच अडकलो.

कारखान्याचा इतिहास थोडक्यात असा. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४मध्ये ‘डिलाइट’ आली, पुढे ‘प्रेसिडेंट’, आणि १९७४पासून ‘पद्मिनी’. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, मागच्या चाकांना ताकद. शतक बदलण्याच्या सुमारास उत्पादन आटोपलं. लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली.

आता डाग. १९७८ची, क्रीम रंगाची पद्मिनी रात्रभर उभी राहिली की तिच्या पोटाखाली वाटीएवढा काळा डाग पडायचा. इंजिन आणि गिअर बॉक्स जिथे जोडले जातात, बरोबर तिथे. दोन गॅरेजांत बघताक्षणी निदान झालं होतं : क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं, गिअर बॉक्स उतरवा. हे काम खर्चाचं, आणि जुन्या गाडीत त्यापायी चार नवी दुखणी उपटतात. मालक निवृत्त बँक अधिकारी. ते तिसरं मत घ्यायला आले होते. मिस्त्रींनी त्यांना पहिला प्रश्न विचारला, “साहेब, वास घेतलात काय?”

मिस्त्री साठीच्या पुढचे, मूळचे देवगडकडचे. गॅरेजात एक खड्डा, एक जॅक, भिंतीवर पाने, आणि खिडकीत टाल्कम पावडरचा डबा.

गाडीखाली पडू शकणारी द्रवं मोजकीच असतात, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. इंजिन ऑइल वापरून काळं पडलेलं, जळकट वासाचं. गिअर बॉक्स आणि डिफरन्शियलमधलं ९० नंबरचं ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र दर्प येतो, कारण दातांवरचा दाब सोसण्यासाठी त्यात गंधकयुक्त रसायनं घातलेली असतात. कुलंट हिरवट, गोडसर वासाचं. ते जिभेला मुळीच लावू नये, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विष आहे. ब्रेक ऑइल पातळ, फिकट पिवळं. ते पाण्यात मिसळतं आणि गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग सोलून काढतं. पेट्रोल बहुधा डाग ठेवतच नाही, नुसता वास ठेवतं.

मिस्त्रींनी डागावर बोट फिरवलं, अंगठ्याशी चोळलं, हुंगलं. मग बशीत पाणी घेऊन त्यात एक थेंब सोडला. थेंब वर तरंगला. गंधकाचा वास नव्हता. म्हणजे इंजिन ऑइल. गिअर बॉक्स सुटला. पण सीलवरचा आळ कायम होता.

गळतीची खरी अडचण इथूनच सुरू होते. तेल एकीकडे निघतं आणि दुसरीकडे पडतं. वरून निघालेलं तेल बोल्टांच्या डोक्यांवरून, कडांवरून ओघळत येतं, चालत्या गाडीचा वारा त्याला मागे ढकलतो, आणि सगळ्यांत खालचं टोक सापडलं की तिथून ते टपकतं. त्यामुळे थेंब जिथे लोंबतो आहे ती जागा मिस्त्री जवळजवळ बघतच नाहीत. ओल्या भागातला सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत पुढचा बिंदू त्यांना हवा असतो. चाळीस-पन्नास वर्षांचा चिकटा बसलेल्या इंजिनावर मात्र सगळंच ओलं दिसतं. म्हणून अख्खी सकाळ धुण्यात गेली. रॉकेल, ब्रश, चिंध्या, मग हवा मारून सुकवणं. त्यानंतर खिडकीतला डबा खाली आला. मिस्त्रींनी इंजिनाच्या मागच्या अंगावर टाल्कम पावडर फुंकली, आणि साहेबांना गाडी तापेपर्यंत फिरवून आणायला सांगितलं.

हल्ली ऑइलमध्ये रंगद्रव्य टाकून अतिनील दिव्याखाली बघतात. गळती पिवळी-हिरवी चमकते. मिस्त्रींकडे तो दिवा आहे, पुतण्याने आणून दिलेला, आणि अडचणीच्या जागी ते तो आवर्जून वापरतात. पण पद्मिनीच्या बॉनेटखाली हात घालायला जागाच जागा, तिथे पावडर पुरते.

गाडी परत आली. पांढऱ्या पावडरीवर एक बारीक काळी रेघ उमटली होती. टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेपासून निघून हेडच्या पाठीमागून ती थेट खाली उतरली होती. इंजिन आणि गिअर बॉक्सच्या जोडावरच्या बेल हाउसिंगच्या भोकातून छोटा आरसा घालून आत पाहिलं, आत कोरडं. सील शाबूत होतं. ज्या कामासाठी गिअर बॉक्स उतरणार होता, ते काम नव्हतंच. त्या रेघेकडे बघताना मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. इतक्या साध्या साधनांनी इतकं चोख उत्तर क्वचितच मिळतं.

मला वाटलं, आता पॅकिंग बदललं की झालं. मिस्त्रींनी आधी ब्रीदरची नळी सोडवली. पिस्टनच्या कडेने थोडा वायू कायम खाली ऑइलच्या चेंबरमध्ये शिरत असतो आणि ब्रीदरवाटे बाहेर पडतो. ही नळी तुंबली की आत दाब साठतो आणि जिथे पॅकिंग कमजोर तिथून तेल बाहेर रेटतो. या गाडीची नळी मळाने गच्च होती. कारणही मिस्त्रींनी सांगितलं : साहेब रविवारी फक्त शिवाजी पार्कला चक्कर मारतात, इंजिन धड तापत नाही, आतली वाफ उडून जात नाही, तिचा तेलाशी चिखल होतो. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर दाबाने पुढची कमजोर जागा शोधली असती, आणि तेव्हा कदाचित खरोखरच क्रँकचं सील गेलं असतं.

नळी साफ झाली. पॅकिंग बुचाच्या लाकडाचं. आधीच्या कोणीतरी गळती थांबवायला कव्हर इतकं आवळलं होतं की पॅकिंग चिरडलं आणि पत्र्याची कड वाकली. मिस्त्रींनी कव्हर उलटं करून सपाट लोखंडावर ठेवलं आणि हलक्या हातोडीने कड सरळ केली. शेल्लॅक लावलं नाही. कड सरळ असेल तर त्याची गरज नाही, म्हणाले.

गाडी द्यायची वेळ झाली होती. तेवढ्यात मिस्त्रींचा हात मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूवर फिरला आणि थांबला. ओल होती. बशीतल्या पाण्यात हा थेंब तरंगला नाही, विरघळला. व्हील सिलिंडर गळत होता. फरशीवर याचा काहीच पुरावा नव्हता, कारण ब्रेक ऑइल ड्रममध्येच साचत होतं. साहेब ज्या डागापायी महिनाभर झोपले नव्हते तो निरुपद्रवी होता. जीवावर बेतणारी गळती डागच पाडत नव्हती. ड्रम उघडला, लायनर भिजलेले. मिस्त्रींनी गाडीची चावी खिशात टाकली.

पुढचं बोलणं सगळं रबराचं झालं. व्हील सिलिंडरच्या आतल्या रबरी वाट्या बाजारात मिळतात, पण पाकिटावरच्या नावाचा भरवसा नाही. काही महिनाभरात फुगतात. एखाद्याने ब्रेकमध्ये चुकून इंजिन ऑइल ओतलं तर चांगल्या वाट्याही फुगून अडकतात. नवा माल आला की मिस्त्री एक वाटी ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवतात आणि काही दिवसांनी मापतात. हे काम दुसऱ्या कोणाला शिकवलंय का, असं विचारलं. पुतण्या नव्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आहे, तिथे भाग अख्खा बदलतात, म्हणाले.

आणि आता पेट्रोल. २०२३पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं, आता सगळीकडे तेच आहे. पद्मिनीचे पेट्रोलचे होज पाइप आणि इंजिनाला लावलेल्या पंपाचा पडदा ज्या काळात घडले, त्या काळात इथेनॉलचा विचार नव्हता. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ होतं, तडकतं. पाइप फुटला तर तापलेल्या इंजिनावर पेट्रोल पडतं. पडदा फाटला तर पेट्रोल खाली न पडता थेट चेंबरमध्ये उतरू शकतं. ऑइल पातळ होतं, डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते आणि मालकाला वाटतं गाडीने तेल खाणं थांबवलं. इथेनॉल सोसणारं फ्लुओरोकार्बन रबर मिळतं, पाइप त्याचे घालता येतात. या पंपासाठी तसा पडदा मिस्त्रींना अजून मिळालेला नाही. फोनवर ते सतत तोच शोधत होते.

ब्रेकचं काम होऊन गाडी निघाली तेव्हा मिस्त्रींनी साहेबांना दोन गोष्टी सांगितल्या. शिवाजी पार्कची चक्कर बंद. आठवड्यातून एकदा पनवेलपर्यंत जाऊन यायचं, म्हणजे इंजिन तापेल. आणि निघण्याआधी दर वेळी डिपस्टिक काढून हुंगायची. पेट्रोलचा वास आला तर गाडी जागची हलवायची नाही, आधी फोन करायचा.