तिकीट माझं, भावही माझाच?

कोल्डप्ले या बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं २२ सप्टेंबर २०२४ रोजी विक्रीला आली आणि बघता बघता संपली. मूळ किंमत अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. पाठोपाठ पुनर्विक्रीच्या परदेशी साइटवर तीच तिकिटं लाखांच्या भावात दिसू लागली. (दिसू लागली, खपली असं नव्हे. मागितलेला भाव आणि हाती पडलेला भाव यांतलं अंतर बातम्यांत हरवलं.) तेव्हापासून या विषयावर छातीठोक बोलणारे पुष्कळ भेटतात, आणि बहुतेकांचं निम्मंच बरोबर असतं.

‘ब्लॅक म्हणजे गुन्हाच, टाका आत!’ हे रेल्वेच्या तिकिटाला लागू आहे. विनापरवाना तिकिटांचा धंदा करणाऱ्याला रेल्वे कायदा, १९८९च्या कलम १४३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ऑनलाइन काढलेली ई-तिकिटंही त्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये स्पष्ट केलं. गाण्याच्या कार्यक्रमांसाठी मात्र असा देशभर लागू होणारा कायदा नाही. थिएटरबाहेर ‘दस का बीस’ पुटपुटणाऱ्याला पोलीस उचलत. परदेशी साइटवर तेच करणाऱ्याची कॉलर धरायची कुठे? ऑनलाइन तिकीटविक्रीतल्या गैरप्रकारांवरची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात फेटाळली. कायदा करायचा तर तो विधिमंडळाने, हा न्यायालयाचा रोख होता.

यावरून काहीजण थेट दुसरं टोक गाठतात: कायदा नाही ना, मग रान मोकळं. तसंही नाही. तिकीट घेताना आपण न वाचताच ज्या अटींना होकार देतो, त्यांत पुनर्विक्रीला मनाई असली तर आयोजक ते तिकीट रद्द करू शकतो. फटका बसतो तो दारात अडवलेल्या माणसाला. विकणारा तोवर पैसे घेऊन पसार झालेला असतो. एकच क्यूआर कोड चौघांना विकला तर ती सरळ फसवणूक, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधली. ऑक्टोबर २०२४मध्ये ईडीने तिकिटांच्या काळ्या बाजारावरून छापे घातले तेव्हा टेलिग्राम, इन्स्टाग्रामवरून खपवलेल्या बनावट तिकिटांचाही विषय निघाला होता.

सर्वांत चलाख युक्तिवाद लिलाववाल्यांचा. लोक आपखुशीने बोली लावतात, म्हणजे तोच खरा भाव, यात अनैतिक काय? यासाठी २००५ सालच्या लंडनकडे बघावं. आफ्रिकेतल्या दारिद्र्याकडे जगाचं लक्ष वेधण्यासाठी हाइड पार्कमध्ये ‘लाइव्ह ८’ हा गाण्यांचा कार्यक्रम होणार होता. तिकिटं फुकट, एसएमएसच्या सोडतीतून. तीच ईबेवर लिलावाला निघाली. यात बेकायदा काही नाही, असं ईबे म्हणाली, आणि ते खरंच होतं: १९९४च्या ब्रिटिश कायद्याने फुटबॉलची तिकिटं विनापरवाना विकणं गुन्हा ठरवलं होतं, गाण्याची नव्हे. आयोजक बॉब गेल्डॉफ भडकले. लोकांनी कोट्यवधी पौंडांच्या खोट्या बोल्या लावून लिलावच उधळले. शेवटी ईबेला ती तिकिटं काढून टाकावी लागली.

तिकीट स्वस्त ठेवणं हा बहुतेकदा आयोजकाचा अडाणीपणा नसतो, ती निवड असते. स्वस्त ठेवल्याने सुटलेला पैसा श्रोत्याच्या खिशात राहावा, हा हेतू असतो. मधला माणूस नेमका तोच उचलतो आणि कलाकाराला त्यातली दमडी मिळत नाही. कोल्डप्लेने यावर काढलेली युक्ती मला भलतीच आवडली. त्यांची काही ‘इन्फिनिटी’ तिकिटं भारतात दोन हजारांना होती, जोडीनेच घ्यायची, आणि जागा कुठली ते तिकीटखिडकीवर ती हातात पडल्यावरच कळायचं. मैदानाच्या दारात पोचेपर्यंत खुर्चीचाच पत्ता नाही, तर बोली लावणार कशावर?

राहता राहिला ‘विकणारे सगळे दलाल’ हा समज. घरात कुणी आजारी पडलं आणि जाणंच रद्द झालं, तर तिकीट घेतलेल्याने ते का फुकट घालवावं? आयर्लंडच्या २०२१च्या कायद्याने हा फरक नीट ओळखलाय. ठरवून दिलेल्या कार्यक्रमांचं तिकीट तिथे पुन्हा विकता येतं, पण मूळ किमतीहून जास्त घेता येत नाही. अपवाद धर्मादाय कामासाठीच्या विक्रीचा.