इंजिनीअर व्हायचेय, पण कुणाला?

बारावीचा निकाल जवळ आला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. सीईटीत किती पर्सेंटाइल मिळतील, कॉम्प्युटर मिळेल की मेकॅनिकलवर समाधान मानावे लागेल? ज्याला चार वर्षे शिकायचे, तो मुलगा मात्र या चर्चेत बहुधा गप्पच असतो.

एके काळी पुण्याचे १८५४ सालचे सरकारी कॉलेज, मुंबईचे १८८७ सालचे व्हीजेटीआय अशी मोजकीच नावे होती. गुण कमी पडले, तर ऐपत असलेले पालक कर्नाटकात डोनेशन भरत. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि लहान गावांतली मुलेही इंजिनीअर होऊ लागली. हे श्रेय द्यायलाच हवे. पण जागा वाढल्या, तशी पदवीची अपूर्वाईही ओसरली. आता कॉलेज कोणते आणि मुलाने तिथे काय केले, यावर सारे अवलंबून असते.

मित्र निघाले म्हणून आलेल्या मुलाची खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी होते. एम-थ्रीचा पेपर राहतो, केटी लागते, चाराची पाच वर्षे होतात. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात खरे, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते. सही करताना हे किती वडिलांच्या लक्षात येते?

दहावीनंतरचा डिप्लोमा आपल्याकडे उगाचच कमी लेखला जातो. हिशेब करून पाहा. अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार, अशी सहा वर्षे. तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, तरी वर्षे सहाच! शिवाय मध्येच मन उडाले किंवा घरची परिस्थिती बदलली, तर नोकरीपुरती पदविका हातात असते. बारावी करून पहिल्या वर्षानंतर सोडणाऱ्याच्या हातात फक्त बारावीची गुणपत्रिका. अर्थात डिप्लोमाच्या मुलांना पदवीचे गणित जड जाते, त्याची तयारी आधीच हवी.

मुलींच्या पालकांनी एक गोष्ट अवश्य पाहावी. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क महाराष्ट्र सरकारने २०२४ साली पूर्ण माफ केले. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच घ्यावा लागतो. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. 'भावाला इंजिनीअरिंग, हिला बीएस्सी' असे पैशांमुळे ठरवले असेल, तर ते पुन्हा तपासायला हवे.

आणि कॉलेज निवडताना फलकावरच्या सर्वांत मोठ्या पगाराच्या आकड्याला भुलू नये. तो एकाच मुलाचा असतो. त्या शाखेतल्या किती जणांना नोकरी लागली, ते विचारावे. तेही ऑफिसात नव्हे, कॅन्टीनमध्ये बसलेल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना. लॅबमधली यंत्रे चालतात का, शिक्षक टिकतात का, हेही तीच सांगतील.