धुक्यातील दृष्टी : बोटीवरील रडारचा सुरक्षित वापर

समुद्रावर धुके उतरले म्हणजे दर्यावर्दीचे डोळे निकामी होतात. दीपगृहे दिसेनाशी होतात, इतर जहाजांचे दिवे विझल्यासारखे होतात आणि स्वतःच्या बोटीची नाळही नीट दिसत नाही. पूर्वी अशा वेळी गती कमी करणे, ठराविक काळाने भोंगा वाजवणे आणि नाळेवर माणूस उभा करून त्याने कान देऊन ऐकणे, एवढेच उपाय नाविकाच्या हाती होते. दुसऱ्या महायुद्धानंतर व्यापारी जहाजांवर रडार बसविले जाऊ लागले. आता धुक्यातल्या टकरी इतिहासजमा होतील, अशी आशा अनेकांना वाटू लागली. ती फोल ठरली. ती का फोल ठरली हे समजून घेणे म्हणजेच रडार सुरक्षितपणे कसे वापरावे हे समजून घेणे होय.

२५ जुलै १९५६ च्या रात्रीची घटना या दृष्टीने बोलकी आहे. 'आंद्रेआ दोरिया' हे इटालियन प्रवासी जहाज जिनोआहून न्यूयॉर्ककडे येत होते. न्यूयॉर्कहून त्याच दिवशी निघालेले 'स्टॉकहोम' हे स्वीडिश जहाज गोथेनबर्गकडे चालले होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेस दोघांची गाठ पडली. इटालियन जहाज दुपारपासून दाट धुक्यातून चालत होते. स्वीडिश जहाजावर मात्र आकाश निरभ्र होते आणि पुढे धुक्याचा पट्टा आहे याची तेथील अधिकाऱ्याला कल्पना नव्हती. दोन्ही जहाजांवरील रडार चालू होते आणि दोघांनीही एकमेकांना बऱ्याच आधी पडद्यावर पाहिले होते. तरीही रात्री अकराच्या सुमारास 'स्टॉकहोम'ची नाळ 'आंद्रेआ दोरिया'च्या उजव्या कुशीत घुसली. दोन्ही जहाजांवरील मिळून ५१ माणसे मृत्युमुखी पडली. सुमारे अकरा तासांनी, २६ जुलैच्या सकाळी, 'आंद्रेआ दोरिया' समुद्रात बुडाले.

ज्यांनी एकमेकांना पाहिले होते ती दोन जहाजे एकमेकांवर का आदळली? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी रडार पाहते म्हणजे नेमके काय करते, हे पाहू.

रडारचे कार्य

आपण विहिरीत हाक मारली तर ती भिंतीवर आदळून परत येते. रडारचे तत्त्व हेच आहे. ध्वनीच्या जागी येथे रेडिओलहरी असतात. डोलकाठीवर फिरणारा अँटेना अतिशय अल्प काळाचे लहरींचे स्पंद एका अरुंद झोतात सोडतो. वाटेत जहाज, खडक किंवा किनारा आला तर लहरींचा अल्पसा अंश परत येतो. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३,००,००० किलोमीटर वेगाने जातात. एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर, अंतरावरच्या वस्तूवरून प्रतिध्वनी परत येण्यास सुमारे १२ मायक्रोसेकंद लागतात. हा काळ मोजून यंत्र अंतर ठरविते, आणि त्या क्षणी अँटेना ज्या दिशेला वळलेला असतो ती वस्तूची दिशा समजते. अँटेना साधारणपणे मिनिटाला वीस ते तीस फेऱ्या करतो आणि प्रत्येक फेरीगणिक पडद्यावरील चित्र नवे होते.

अशा रीतीने जहाज ओळखण्याची कल्पना जर्मन संशोधक क्रिस्तियान ह्युल्समायर याने १९०४ मध्येच प्रत्यक्षात आणून दाखविली होती. परंतु तिला तेव्हा कोणी आश्रय दिला नाही. १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडॉल आणि हॅरी बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन ही नळी तयार केली. तिच्यामुळे आखूड लांबीच्या शक्तिशाली लहरी निर्माण करता येऊ लागल्या आणि बोटीवर मावेल इतक्या लहान अँटेनाचे रडार शक्य झाले. आज नौकांवर मुख्यतः ३ सेंटीमीटर आणि १० सेंटीमीटर लांबीच्या लहरी वापरतात. पहिल्या लहरींचे चित्र अधिक रेखीव येते. दुसऱ्या लहरी पावसातून अधिक चांगल्या पार होतात. लहान बोटींवर बहुधा ३ सेंटीमीटरचेच यंत्र असते.

पडद्यावर न दिसणाऱ्या गोष्टी

रडारचे चित्र हा नकाशा नव्हे. झोताला काही रुंदी असते. लहान बोटीवरील अँटेनाचा झोत पाच अंशांपर्यंत रुंद असू शकतो. सहा मैलांवर ही रुंदी सुमारे अर्धा मैल होते. त्यामुळे शेजारी शेजारी चाललेल्या दोन बोटी एकच ठिपका होऊन दिसतात आणि बंदराचे अरुंद तोंड दूरवरून बंद असल्यासारखे भासते. रडारने मोजलेले अंतर सहसा विश्वसनीय असते, दिशा तितकी नसते. म्हणून किनाऱ्यालगत आपले स्थान ठरविताना दोन-तीन ठळक ठिकाणांची अंतरे घ्यावीत, हे उत्तम.

झोत पृथ्वीच्या वक्रतेमागे फारसा जात नाही. सखल वाळूचा किनारा दिसण्यापूर्वी त्यामागची टेकडी दिसते आणि किनारा आहे त्यापेक्षा दूर असल्याचा भ्रम होतो. बेटाच्या किंवा मोठ्या जहाजाच्या आड असलेली नौका दिसत नाही. स्वतःच्या डोलकाठीच्या आड येणारा भागही अंध राहू शकतो. लोखंडी जहाजाचा प्रतिध्वनी जोरदार येतो. लाकडी किंवा फायबरच्या होडीचा क्षीण येतो. कोकणच्या किंवा कोरोमंडलच्या किनाऱ्यावर रात्री जाळे टाकून बसलेली लहान होडी लाटांच्या गर्दीत मुळीच न दिसणे सहज शक्य आहे. अशा होडीवर एकमेकांना काटकोनात जोडलेल्या धातूच्या पत्र्यांचा परावर्तक उंच टांगला तर लहरी आल्या दिशेने परत जातात आणि होडीचा ठिपका उठून दिसतो. तात्पर्य, पडदा रिकामा असला म्हणजे समुद्र रिकामा असतो असे नाही.

लाटा आणि पाऊस यांचेही प्रतिध्वनी येतात. ते दाबण्यासाठी यंत्रावर स्वतंत्र नियंत्रणे असतात. परंतु ती अधिक फिरविली तर लाटांबरोबर होडीही पुसली जाते. म्हणून संवेदनक्षमतेचे नियंत्रण पडद्यावर फिकट ठिपक्यांची पुसट पार्श्वभूमी दिसेल इतके ठेवावे, लाटा व पाऊस यांची नियंत्रणे आवश्यक तेवढीच वापरावीत आणि अधूनमधून ती कमी करून काही लपले आहे काय ते पाहावे. एकाच पल्ल्यावर यंत्र ठेवून बसू नये. लांबच्या पल्ल्यावर येणारे जहाज वेळेवर कळते, जवळच्या पल्ल्यावर लहान होडी दिसते. पल्ला बदलल्यावर तो कितीचा आहे हे प्रत्येक वेळी वाचून घ्यावे. 'स्टॉकहोम'वरील अधिकाऱ्याने पल्ला चुकीचा समजून जवळचे जहाज दूर मानले असावे, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. ते सर्वमान्य नाही. परंतु अशी चूक किती सहज होऊ शकते हे कोणीही अनुभवी नाविक सांगेल.

ठिपका चालतो कसा

आगगाडीच्या खिडकीतून पाहताना झाडे मागे धावताना दिसतात. रडारच्या नेहमीच्या चित्रात आपली बोट पडद्याच्या मध्यावर स्थिर असते आणि उरलेले सारे जग हलते. स्थिर खडक आपल्याकडे चालून येतो. आपल्याच दिशेने आपल्याच गतीने जाणारे जहाज जागेवर उभे राहिल्यासारखे दिसते. म्हणून ठिपक्याकडे एकदा पाहून ते जहाज कोठे चालले आहे हे सांगता येत नाही. त्यासाठी काळाची जोड द्यावी लागते.

समजा, रात्री दहा वाजता एक ठिपका आपल्या नाळेच्या उजवीकडे ४० अंशांवर, ८ मैल अंतरावर आहे. सहा मिनिटांनी तो ४० अंशांवरच, ६.५ मैलांवर आहे. आणखी सहा मिनिटांनी तो पुन्हा ४० अंशांवर, ५ मैलांवर आहे. सहा मिनिटे म्हणजे तासाचा दहावा भाग. तेवढ्या वेळात अंतर दीड मैलाने घटले, म्हणजे दोन नौका ताशी १५ मैलांनी जवळ येत आहेत. दिशा बदलत नाही आणि अंतर घटत आहे, याचा अर्थ टक्कर निश्चित असून तिला २० मिनिटे उरली आहेत. याउलट दिशा ४० वरून ४५, मग ५३ अंश अशी मागे सरकत गेली असती, तर ते जहाज आपल्या मागून गेले असते. दिशा व अंतर ठराविक काळाने कागदावर मांडण्याच्या या क्रियेस आलेखन म्हणतात. आधुनिक यंत्रे हे गणित स्वतःच करून ठिपक्यापुढे एक रेषा दाखवितात. ती रेषा खरी गती दाखविते की आपल्या सापेक्ष गती, हे न पाहता तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

आता त्या रात्रीकडे पुन्हा वळू. इटालियन जहाजाने दुसऱ्या जहाजाला सुमारे १७ मैलांवर पडद्यावर पाहिले. तेथील अधिकाऱ्यांना ते किंचित उजवीकडे वाटले, म्हणून ते उजवीकडूनच निघून जाईल असे त्यांनी धरले आणि मधले अंतर वाढावे म्हणून जहाज सुमारे चार अंश डावीकडे वळविले. त्यांनी आलेखन केले नाही. केवळ ठिपक्याकडे पाहिले. स्वीडिश अधिकाऱ्याला तेच जहाज आपल्या किंचित डावीकडे वाटले. त्याने आपल्या म्हणण्याप्रमाणे दोनदा आलेखन केले आणि जहाज उजवीकडे वळविले. समोरासमोर येणाऱ्या जहाजांच्या बाबतीत ही 'किंचित'ची भाषा फसवी असते. १७ मैलांवर एका अंशाची चूक म्हणजे सुमारे ५५० मीटर. जहाजाची नाळ लाटांमुळे डावीउजवीकडे झुलत असते. झुलत्या क्षणी दिशा वाचली तर एकदोन अंशांची चूक सहज होते आणि डावीकडचे जहाज उजवीकडे दिसते. शिवाय चार अंशांचे वळण दुसऱ्याच्या पडद्यावर कळून येत नाही. दोन्ही जहाजांचा एकत्रित वेग ताशी सुमारे ४० सागरी मैल होता. एकमेकांचे दिवे दिसले तेव्हा अंतर दोन मैलांपेक्षाही कमी उरले होते, म्हणजे हाती तीन मिनिटेही नव्हती. एकाने सुकाणू पूर्ण डावीकडे व दुसऱ्याने पूर्ण उजवीकडे फिरविले आणि टक्कर टळली नाही. पुढे हा वाद न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटला, त्यामुळे दोष कोणाचा यावर न्यायालयाचा निर्णय झाला नाही.

अनुभवातून आलेले नियम

अशा अपघातांतून जे शिकावयास मिळाले ते आंतरराष्ट्रीय नियमांत उतरले. १९७२ मध्ये संमत झालेले आणि १५ जुलै १९७७ पासून अमलात आलेले टक्कर-प्रतिबंधक नियम भारतानेही स्वीकारले आहेत. डोळे, कान व उपलब्ध सर्व साधने यांनी सतत टेहळणी ठेवावी. परिस्थितीस साजेशी सुरक्षित गती ठेवावी. अपुऱ्या माहितीवरून, विशेषतः रडारच्या अपुऱ्या माहितीवरून, तर्क बांधू नयेत, असे ते सांगतात. ज्या बोटीवर चालू स्थितीतील रडार आहे तिने ते योग्य रीतीने वापरलेच पाहिजे. संशय असेल तर धोका आहे असेच मानावे. मार्ग बदलावयाचा तर लवकर बदलावा, आणि तो दुसऱ्यास स्पष्ट कळेल इतका मोठा बदलावा. धुक्यात समोरच्या बाजूला असलेल्या जहाजासाठी, आपण त्याला मागून गाठत नसू तर, डावीकडे वळणे शक्य तो टाळावे. पुढच्या बाजूने भोंगा ऐकू आला आणि धोका नाही अशी खात्री नसेल, तर गती अगदी कमी करावी. जरूर पडल्यास बोट थांबवावी.

आज अनेक जहाजे आपले नाव, स्थान व गती स्वयंचलित ओळखयंत्राद्वारे प्रसारित करतात. हे साधन उपयुक्त आहे. परंतु ज्याच्याजवळ ते यंत्र नाही किंवा ज्याने ते बंद ठेवले आहे तो त्यात दिसत नाही. रडारला दुसऱ्याच्या सहकार्याची गरज नसते, म्हणून त्याचे महत्त्व कमी झालेले नाही.

यंत्राजवळची काळजी

रडार हे जोराचा विद्युत्‌दाब वापरणारे यंत्र आहे हेही विसरू नये. मॅग्नेट्रॉनच्या यंत्रात काही हजार व्होल्ट दाब असतो आणि कळ बंद केल्यावरही काही भागांत विद्युत्‌भार साठून राहतो. म्हणून त्याची पेटी प्रशिक्षित तंत्रज्ञाखेरीज कोणी उघडू नये. डोलकाठीवर चढण्यापूर्वी यंत्र बंद करून वीजपुरवठा तोडावा आणि कोणी ते चुकून सुरू करू नये म्हणून कळीपाशी पाटी लावावी. फिरणाऱ्या अँटेनाचा तडाखा माणसाला खाली पाडू शकतो. चालू अँटेनासमोर जवळ उभे राहू नये, कारण या लहरींच्या उष्णतेने डोळ्यांना इजा होऊ शकते. मॅग्नेट्रॉनमध्ये लोहचुंबक असल्याने यंत्रावर लिहिलेले अंतर राखूनच होकायंत्र ठेवावे. मॅग्नेट्रॉन तापण्यास दोन-तीन मिनिटे लागतात, म्हणून धुके येण्याची चिन्हे दिसताच यंत्र तयार ठेवावे.

सर्वांत मोलाची सूचना मात्र अगदी साधी आहे. रडारचा सराव स्वच्छ दिवशी करावा. डोळ्यांना जहाज दिसत असताना पडद्यावरचा ठिपका पाहावा, त्याचे आलेखन करावे, आणि ते जहाज खरोखर कोठून निघून गेले हे पडताळून पाहावे. स्वतःच्या यंत्राच्या खोडी अशा दिवशी कळतात. धुक्यात त्या शिकण्यास वेळ मिळत नाही. त्या जुलैच्या रात्री दोन्ही जहाजांवर ठिपका दिसला होता. त्या ठिपक्याचा अर्थ लावण्यासाठी आणखी काही मिनिटे, आणखी काही नोंदी आणि कमी गती यांची गरज होती.